चुन्याखालचे चेहरे

शेजारच्या घरी माझ्यासाठी फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. पलीकडे वहिनी होती. "बाई, तुमचे दादा गेले," एवढंच बोलली. प्रतापनगरहून दवाखान्याकडे सायकलरिक्षात बसले तेव्हा मला रडू नाही, राग येत होता. छातीचा भाता झालेला, तरी बिडी सुटली नाही. सांगून सांगून माझी जीभ झिजली. ऐकेल तो श्रावणदादा कसला! आता महिना उलटून गेला आहे. राग कधीच निवला, आणि त्याच्या जागी जे आलं आहे त्यापेक्षा राग परवडला.

दादा कापडगिरणीत कामाला होता, पण विचाराल तर स्वतःला बाहुलीवाला म्हणायचा. बाहुल्या आमच्या बाच्या, म्हणजे वडलांच्या. आमचं गाव सावनेरकडचं. बा सावरीच्या हलक्या लाकडातून डोकी कोरायचा, डोळे-भुवया रंगवायचा, दोऱ्या ओवायचा आणि पिकं निघाली की गावोगाव राम-सीतेचा खेळ करायचा. खेळ बघायला सगळं गाव लोटायचं. खेळ संपल्यावर आम्हाला पाणी मात्र वरून ओतायचे. मग बानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. वस्तीतले घरोघरचे देव नदीत गेले, आणि बाहुल्यांवरून आमच्या अंगणात भांडण पेटलं. आत्या म्हणाली, "राम-सीता घरातच ठेवाचे होते तं दीक्षा घेतली काहून?" खोटं काय बोलत होती ती? पण दादा तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. बाहुल्यांच्या पेटीवर पालथा पडला आणि काही केल्या उठेना. बा पेटी खांद्यावर घेऊन कुठेतरी गेला, आणि परत आला तेव्हा मुकुट, दागिने सगळं गायब होतं, आणि प्रत्येक बाहुलीच्या तोंडावर चुन्याचा जाड हात दिलेला. "घे," दादाला म्हणाला, "आता हे देव नाईत." त्यानंतर बानं दोरीला हात लावला नाही.

त्या पांढऱ्या तोंडांवर दादानं आपला खेळ उभा केला. रावणाची नऊ डोकी उतरवली आणि उरलेल्या एकाला टोपी घातली, झाला सावकार! राम शाळामास्तर झाला. सीता हुंड्याला नाही म्हणणारी नवरी झाली, पुढे सरकारी प्रचाराची कामं मिळाली तेव्हा लहान कुटुंबाचे धडे देणारी नर्सबाई झाली. दर वेळी रंगावर रंग. जुना थर त्यानं कधी म्हणजे कधी खरवडला नाही. मी म्हणायचे, "अरे, सीतेचं नाक बुजत आलं. पॉलिशपेपर मार ना जरासा." की अंगावर धावून यायचा. "हात नको लावू वं! चुन्याखाली बाचे चेहरे हायेत." बाचे चेहरे तेवढे सांभाळायचे, हा एकच ध्यास. घरचा पोरगा वाण्याकडे उधार मागून थकला तरी याची पेटी फिनेलच्या गोळ्यांनी घमघमायची. बाहेरच्या गावात लोक विचारायचे, राम कुठाय? आपल्या वस्तीत म्हातारे म्हणायचे, रंग बदलून देवच आणले ना बापा यानं परत! दोघांच्या मधे दादा आपला दोऱ्या धरून उभा. पुढे टीव्ही आला आणि दोन्हीकडची माणसं एकदमच उठून गेली.

छाती बिघडली, गिरणी सुटली, तशी त्याला एकच काळजी लागली. आपल्यामागे पेटीचं काय? पोरं आपापल्या नोकऱ्यांत. बाहुल्यांचं नाव काढलं की उठून बाहेर जायची. तेवढ्यात जुन्या बाहुल्या जपणाऱ्या मुंबईच्या एका संस्थेला कुठून तरी सुगावा लागला आणि त्यांचा माणूस आला. भला माणूस होता. म्हणाला, वरचे थर काढले तर मूळ चेहरे हाती लागतील, आणि मग संस्था हा संच काचेत कायमचा जपेल. दादानं किती दिवस हो म्हटलं नाही. "माहं सारं पुसाचं आन् बाचं काढाचं?" मी म्हटलं, "नाही तर उंदीर खातील तुझ्यामागे." त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. मग एका दुपारी स्वतःच म्हणाला, "काढू दे. मराच्या आधी बाचा हात पाहून घेतो."

संस्थेच्या माणसानं ओसरीवर उन्हात चादर अंथरली आणि सीतेपासून सुरुवात केली. टर्पेंटाइनचा बोळा फिरला तशी नर्सबाई गेली, नवरी गेली, मग सगळा पांढरा चुना. दादानं खुर्ची जवळ ओढली. त्याचा श्वास मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता. चुना भिजवून हळूहळू काढला... आणि खाली लाकूड. कोरं लाकूड, आणि त्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत सुरीचे वळ. "रंग आधीच कुणीतरी खरवडून काढलाय," माणूस हळूच म्हणाला. कुणीतरी कोण? ज्यानं ते डोळे रंगवले होते त्यानंच.

"मले काहून नाई सांगतलं बानं?" दादा मला विचारत होता, जसं काही मलाच ठाऊक होतं.

"सांगितलं असतं तर तू घेतल्या असत्या?"

तो रडायला लागला. खोकल्यानं त्याला धड रडताही येईना. माणूस म्हणाला, बाकीच्यांचंही बघू का? "नको. एक पुरे झाली," दादा म्हणाला. जुना रंगच नाही म्हटल्यावर संस्थेचा नकार आला. त्यांचा तरी काय दोष!

मी रंगाचा डबा नेऊन दिला, म्हटलं, दे हिला पुन्हा तोंड. त्यानं डबा परत केला. "रंग माहेच होते, शांते, सारे. हे तेवढं बाचं हाय. हे झाकाचं नाई." तेव्हापासून सीता त्याच्या उशाशी असायची, दवाखान्यातसुद्धा. शेवटचं भेटले तेव्हा बोलायला दम नव्हता. माझा अंगठा धरला आणि तिच्या डाव्या डोळ्याच्या जागी, नाकालगतच्या खाचेत टेकवला. तिथं तिळाएवढा काळा रंग शिल्लक होता.

"पाह्य," म्हणाला, "इथं सुरी उचलली त्यानं. पुढं बाच्यानं झालं नाई..."

पेटी आता माझ्याकडे आहे. मला दोऱ्या धरता येत नाहीत, शिकवतो म्हणणारा गेला. बाकीच्या पेटीत झोपल्या आहेत, सीता बैठकीत असते. आलेगेले विचारतात, हिला तोंड का नाही, आणि कुठून सुरुवात करावी ते मला कळत नाही. रोज सकाळी तिची धूळ पुसते. त्या डोळ्याजवळ आले की फडकं बाजूला ठेवते आणि नुसती फुंकर मारते. तेवढं पुसलं गेलं तर तिच्यात बाचं आणि दादाचं, दोघांचंही काही उरणार नाही.