साडूंची तापी

भुसावळपासून सुरतेपर्यंत ताप्ती लाईनवर जेवढी स्टेशनं आहेत, त्यांतल्या प्रत्येकावर उतरून शोधलं तरी माझ्या साडूंइतका संताप आणणारा माणूस सापडायचा नाही. मी हिशेबी माणूस आहे, वाढवून बोलत नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मूळचे धुळ्याकडचे, नोकरीला भुसावळला रेल्वेत. सगळे त्यांना नाना म्हणत. नाना सदा रागावलेले असत, आणि ज्याच्यावर रागावत त्याला त्यांच्या दुप्पट राग यावा अशी व्यवस्था करत. त्यांच्या सायकलला घंटी होती, पण ती वाजवणं त्यांना कमीपणाचं वाटे. समोरच्याला ते ओरडून बाजूला करत, आणि तो बाजूला झाला की थांबून, आधीच का झाला नाहीस म्हणून पुन्हा ओरडत. पंक्चर झालं तर खिळ्याला शिव्या, खिळा टाकणाऱ्याला शिव्या, आणि मी सोबत असलो तर मला. तापी नदी तर त्यांना घरची वाटे. तिच्यात कुणी बैल धुवायला उतरला की हे काठावरून खेकसत, "अरे, पुढे लोक पितात ते! सुरतेपर्यंत जातं!"

माझ्या शकूला सुरतेचं स्थळ सांगून आलं तेव्हा मी नानांना सोबत नेलं, हे माझं दुर्दैव. घर सावद्याकडून तिकडे गेलेलं, केळीच्या व्यापारात स्थिरावलेलं. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी. सकाळी दहाला त्यांच्याकडे पोचायचं, बोलणी करायची आणि रात्रीच्या गाडीनं परत, असा माझा बेत. नाना म्हणाले, "मुलगा काय, सगळेच दाखवतात. आधी गाव बघायचं, तेही सायकलवरून. टांगेवाला त्याला दाखवायचं तेवढंच दाखवतो." आणि त्यांनी दोन सायकली गार्डाशेजारच्या सामानाच्या डब्यात चढवल्या. त्यातली एक माझ्यासाठी, मला न विचारता आणलेली.

सुरतेला उतरल्यापासून त्यांनी मला जे पिदडलं त्याचा राग अजून माझ्या गुडघ्यांत आहे. नदीच्या घाटाला तिथे ओवारा म्हणतात. नाना प्रत्येक ओवाऱ्यावर उतरत, ओंजळभर पाणी तोंडात घेत, आणि धुणं धुणाऱ्या बायकांना ठणकावून सांगत, "हाई पानी आमनं शे!" किल्ल्याखालून गेलो, पूल ओलांडून रांदेरला गेलो, परत आलो. दहा वाजले तेव्हा आम्ही डुमसच्या वाटेवर समोरच्या वाऱ्याशी झगडत होतो. मी ओरडलो, "नाना, तिकडे लोक वाट बघताहेत!" ते म्हणाले, "नदी कुठे संपते ते न बघता मुलगी देतोस? बाप आहेस का कोण?" समुद्र आला. गढूळ, चिखलाचा. नाना सायकल टेकवून पार पाण्यापर्यंत गेले. मग पोर सासरी पाठवताना व्हावा तसा त्यांचा चेहरा झाला, आणि त्यांनी समुद्रालाच दम दिला, "नीट सांभाळ!"

चिखलानं माखून, उन्हानं करपून आम्ही चार वाजता त्या घरी पोचलो. पोहे केव्हाच वाळले होते. मुलगा समोर आला, पण नानांनी त्याच्याकडे न बघता व्याह्यांना विचारलं, "पुराचं पाणी कुठवर येतं?"

"आमच्याकडे पाणी येत नाही," व्याही म्हणाले.

नाना उठले आणि दाराआडच्या कोपऱ्यातला ताजा चुना सायकलच्या किल्लीनं खरवडू लागले. खाली तपकिरी रेघ निघाली. माझ्या खांद्याच्याही वर.

"पाहुणे म्हणून आलात का पंचनाम्याला?" व्याही कडाडले.

"पोऱ्या चांगला शे," नाना म्हणाले, "पन घर नदीमा शे. मुलीची खोली माडीवर असेल तर बोला. नाहीतर आम्ही चाललो."

"माडीवर आमचा माल असतो!"

स्थळ हातचं गेलं, असं मी धरून चाललो. तेवढ्यात मुलगाच खाली मान घालून म्हणाला, "माडी मोकळी करतो." लग्न ठरलं ते त्या एका वाक्यावर, पण परतीच्या गाडीत मी नानांशी अक्षर बोललो नाही. ते घोरत होते.

पुढचा जाच तारांचा. पावसाळ्यात नाना रोज सायकलनं भुसावळच्या घाटावर जात, पाणी बघत, आणि मनाला आलं की सुरतेला तार ठोकत: "वर जा." इथलं पाणी तिथे पोचायला वेळ लागतो, तोवर सामान हलवता येतं, हा त्यांचा हिशेब. शकू बिचारी अंथरुणं, पीठ, तांदूळ माडीवर चढवी, नदी येत नसे, आणि व्याह्यांचं मला कार्ड येई, "आपल्या साडूंना आवरा." बहुतेक तारा फुकट गेल्या. एका वर्षी मात्र नदी खरोखर घरात शिरली. शकू तान्ह्या बाळाला घेऊन माडीवर होती. तेव्हाही व्याह्यांचं कार्ड आलंच: "तारेत गूळ वर न्या असं नव्हतं. ढेप विरघळली."

मागच्या उन्हाळ्यात नाना गेले. त्यांची सायकल मेव्हणीनं माझ्याकडे पाठवली. श्रावणात सारखी झड लागली तशी मला झोप येईना. शेवटी आमच्या जळगावहून भुसावळ गाठलं, त्यांच्याच सायकलवर, आणि घाटावर छत्री धरून उभा राहिलो. कोणत्या पायरीला पाणी लागलं की तार करायची, हे हा माणूस मला न सांगता गेला. जगाला ओरडून सांगितलं, साडूला नाही! मी पाण्याकडे बघत मनातल्या मनात त्यांना वाटेल ते बोललो. पाणी फार नव्हतं, असं आता वाटतं. तरी तारघरात जाऊन लिहिलं: "वर जा. गूळही न्या."

पाणी आलं नाही. शकूनं म्हणे सगळं सामान वर नेलं आणि चार दिवसांनी खाली आणलं. व्याह्यांचं रागाचं कार्ड येईल म्हणून मी आठवडाभर पोस्टमनची वाट पाहिली. ते आलं नाही.