माणसी चार लिटर

वरवट बकालपासून समुद्र नेमका किती लांब आहे ते मला सांगता येणार नाही, पण गेल्या उन्हाळ्यात तो रोज संध्याकाळी आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीखाली येऊन बसायचा. आम्ही चौघं होतो. मी, माझी बायको, शाळेतले मास्तर आणि माझा लहानपणापासूनचा दोस्त, म्हणजे गावाचा वॉलमन. कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ते सगळं त्याच्या हातात. टाकीच्या सावलीत सतरंजी टाकायची, मास्तरांनी छापून आणलेला कोकणाचा नकाशा तिच्यावर पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे आणि बोटानं चालायला लागायचं. सहा दिवसांची वाट. पाठीवर बोजा, खाली काळा कातळ, मध्ये खाड्या, वस्ती कुठं तरी एखादी. बोटानं चालताना पाय दुखत नाहीत, म्हणून आम्ही फार लांब जायचो.

कल्पना दोस्ताचीच. मोबाइलवर त्यानं कुणाला तरी असं किनाऱ्यानं चालताना पाहिलं होतं. "आपण शेगावले पायी जातोच न बे," तो म्हणाला, "मंग हे त्याच्याहून काय वेगळं हाये?" मास्तर हसले. शेगावच्या रस्त्याला दर वळणावर कुणीतरी चहा घेऊन उभं असतं, इथं खेकडे उभे राहतील, एवढाच फरक. बायको म्हणाली, मी तर येणार, घरी राहून तुमच्या म्हशीचं शेण कोण काढत बसेल? तेव्हा ठरलं.

शहरातला माणूस असा बेत करताना आधी बूट पाहतो, तंबू पाहतो. आम्ही आधी पाणी पाहिलं. आमचा पट्टाच खारपाण्याचा. विहिरीच्या पाण्यात साबण फेसाळत नाही, तुरीची डाळ दोन दोन तास शिजत नाही, चहा फाटतो. पोरगी द्यायची तर आधी विचारतात, त्यायच्या घरी पाणी गोड हाये काय. धरणाचं गोड पाणी नळानं येतं, ते चार दिवसांनी एकदा, आणि ते आमचा दोस्त सोडतो. त्यामुळे मुक्कामाच्या विहिरी शोधायचं काम त्याच्याकडे आपोआप गेलं. मास्तर कुठून कुठून नंबर मिळवायचे, हा फोन लावायचा आणि वहीत लिहायचा. वाटेत पाणी नसेल तिथं सोबत किती न्यायचं याचा त्याचा नियम ठरलेला, माणसी चार लिटर.

एकदा फोनवर एक बाई होती. लाटांच्या हाकेवर तिचं घर. यानं विचारलं, विहिरीचं पाणी गोड आहे का? ती म्हणाली, "गोडाच आसा. आणि कसला असतला?" फोन ठेवून यानं वहीत 'गोड' लिहिलं. आमच्याकडचे म्हातारे सांगतात, इथं कधीकाळी समुद्र होता. "समुद्र तिकडं निंघून गेला," तो म्हणाला, "अन् मीठ आपल्यापाशी इसरला." समोरच्या वावरात खार फुलून जमीन पांढरी झाली होती. उन्हं कलली होती आणि मला खरंच वाटलं की पाणी नुकतंच ओसरलंय, जरा थांबलो तर परत येईल.

आता जे आम्ही कुणीच बोलत नव्हतो ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी दोस्ताचे गुर्दे, म्हणजे दोन्ही किडन्या, गेले. लोक म्हणतात पाण्यानं गेले, डॉक्टर तसं ठासून सांगत नाहीत. आठवड्यातून दोनदा तो खामगावला डायलिसिसच्या मशीनवर जातो. गावभराला पाणी सोडणाऱ्या माणसाला दिवसाला एकच लिटर पाणी प्यायची परवानगी. त्याची एक बाटली आहे, सकाळी भरतो आणि दिवसभर घोट घोट पुरवतो. संध्याकाळी बूडभर राहिलं असलं की उचलून दाखवतो, "आज उरलं." हा माणूस सहा दिवस कसा येणार? पण बेत चालू आहे तोवर तो येणारच आहे, असं मी मनात धरलं होतं. मला विचारायची भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

एका संध्याकाळी तो वॉल फिरवायला गेला आणि मी त्याची वही चाळली. तिसरा दिवस, सगळा कातळ, विहीर नाही. सोबत पाणी बारा लिटर. मी पुन्हा वाचलं. चौथा दिवस, दुपारपर्यंत विहीर नाही, बारा लिटर. पाण्याच्या हिशोबात हा माणूस आजवर चुकलेला नाही. तिघांचं पाणी होतं ते.

तो परत आला तेव्हा मी वही त्याच्यापुढे आपटली. माझं डोकं असंच आहे, वाईट वाटलं की आधी राग येतो.

"हे काय हाये बे? आपण चौघं न?"

त्यानं वही सरळ केली. "मशीन इथं हाये. मी कुठी येऊ?"

"मंग तीन महिने हे काऊन करून राह्यला?"

"बोटानं त जाता येते न," तो म्हणाला.

मास्तर नकाशाची घडी घालायला लागले. बोलली ती माझी बायको. "भाऊजी, कोकणातल्या माणसायले गुर्दे नसतात काय? त्यायच्याइथंही मशीन असनच. तुमी साऱ्या इहिरीले फोन केले, एका दवाखान्याले कराले काय झालं होतं?"

पाण्यापलीकडे काही सुचतच नाही आम्हाला.

दुसऱ्या दिवशी फोन तिनंच लावले. तिसऱ्या फोनला मशीन सापडलं, किनाऱ्यापासून बसनं तासाभरावर. खामगावचे डॉक्टर आधी तापले, मग कागद लिहून दिले. बोजा उचलायचा नाही, चढ चढायचा नाही, दोन दिवस चाल आणि मग थेट मशीन. सहा दिवसांचे दोन झाले. त्यातला एक दिवस मात्र विहिरीशिवायचाच निघाला.

टाकीखाली नवी वही उघडली. या वेळी लिहायला मी बसलो. पहिला दिवस, विहीर नाही, माणसं चार. मी दाबून लिहिलं, सोळा लिटर.

दोस्तानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली. सोळा खोडलं आणि तेरा लिहिलं.

"कायले बोजा वाढवतं?" तो म्हणाला. "मले एकच लागते."