गिअरबॉक्समधला जवसाचा वास

लढाईच्या दिवसांत मोटारीचे नवे भाग मिळत नसत. आमच्या मोटारीचे गिअर अडकले होते. ते कशानं अडकले हे कळेना, आणि न कळलेली गोष्ट मला धड जेवू देत नाही. अकोल्यात कापसाच्या एका जिनिंग कारखान्यामागं तशीच मोटार भंगारात, दगडांवर चढवलेली होती. तिचा गिअरबॉक्स काढायला थोरला भाऊ आणि मी गेलो.

मोटारीखाली पडून बोल्ट सोडले, पण एवढं लोखंड छातीवर घेणार कोण? आम्ही खाली सरकीचं पोतं सारलं आणि त्याला भोक पाडलं. सरकी गळत गेली, तसा गिअरबॉक्स अलगद जमिनीवर उतरला.

मी लगेच झाकण उघडलं. आतली दातेरी चाकं पिवळ्या, चिवट डिंकात रुतली होती. बोट लावून हुंगलं, तर जवसाचं तेल! कुणीतरी घाण्यावरचं तेल ओतलं होतं आणि ते वाळून घट्ट झालं होतं.

"काय अडाणी मालक!" मी खो खो हसलो.

भाऊ हसला नाही. "हासून काहून राहिला? दिवाळीत आपल्या गाडीत कोनतं तेल ओतलं व्हतं तुनं?"

मी खाली बसलो आणि सांडलेली सरकी पोत्यात भरू लागलो.