कपाटातलं खोकं

केजच्या बसस्टँडमागं आश्रुबाची पत्र्याची टपरी हाय. मायबाप ऊसतोडीला जायचे, तवा हा कारखान्याच्या तळावर मोडके रेडिओ उकलत बसायचा. आज तालुक्यात कुठला वजनकाटा बिघडू द्या, आश्रुबालाच बोलावतेत. हत्यारं म्हणाल तर एक जुना लॅपटॉप, एक स्वस्तातली केबल अन् दोन बारीक दिव्यांचा टेस्टर. "एक यंत्र बोलतंय का, अन् दुसरं ऐकतंय का, एवढंच तर बघायचं असतंय," म्हणतो.

आमच्या दूध सोसायटीचा चेअरमन सुंदरराव. त्याला हे पटंल तर शप्पथ! त्यानं ह्याच कामाला पुण्याहून लई महागाचं खोकं आणलं अन् काचेच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. चालवणार कोण? ह्याला घरचा टीव्ही लावता येत न्हाई!

त्या साली पाऊस न्हाई, पीक न्हाई. सगळ्या गावाचा जीव दुधावर. अन् सुंदररावचा कायदा असा, की दुधाची फॅट संगणकात उमटल्याबिगर दूध घ्यायचंच न्हाई. खंडेनवमीला ह्यानं स्वतःच्या हातानं सगळ्या यंत्रांची पूजा केली, खोक्यालाबी हार घातला. त्याच सांजेला फॅटच्या यंत्रावर आकडा दिसायचा, पण संगणकात काही येईना. सांजेचं सगळं दूध माघारी गेलं.

सकाळी आश्रुबा आला. म्हणला, "चेअरमन, ते खोकं काढा की."

"न्हाई बे, वॉरंटी जाईल!"

वा रे शहाण्या!

आश्रुबानं आपला टेस्टर काढला. यंत्रापाशी लावला, दिवा लुकलुकला. केबलच्या दुसऱ्या टोकाला लावला, काहीच न्हाई. मग त्यानं संगणकाकडचं ते टोक उकललं, तर आत ओल्या हळदीकुंकवाचा नुसता चिखल. सगळे सुंदररावच्या बोटांकडं बघाया लागले. बोटं अजून लाल होती.

"पूजा करू न्हाई का मग?" असं वर तोंड करून इचारलं त्यानं! लाज कशाशी खातेत, ठाऊक न्हाई.

आश्रुबानं ब्रशनं सगळं साफ केलं अन् आकडा उमटला. सकाळचं दूध घ्यायला सुरुवात झाली.

तेवढ्यात भामाबाई आली. तिची एकच गाय, उसाच्या वाढ्यावर जगवलेली. किटलीत कालचं नासलेलं दूध होतं. ती रांगेत थांबलीच न्हाई. तडक कपाटाम्होरं गेली, हार घातलेल्या खोक्याला हात जोडले अन् किटली खाली ठेवली.

"देवा, तुजा निवद आणलाय," म्हणली. मग सुंदररावकडं वळली. "चेअरमन, कुलूप काढा. देव उपाशी हाय."