भोपळ्याला पहिली चीर

पनवेलच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवू लागले तेव्हा लवकरच ध्यानात आले, की फळ्यावर लिहिलेले चार किलो आणि खांद्याला रग लावणारे चार किलो यांचे मुलांच्या लेखी काहीच नाते नसते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर मी ठरवले, आठवडाभराचे गणित आणि विज्ञान एका लाल भोपळ्यावर शिकवायचे. वर्ग झाडणाऱ्या, घंटा देणाऱ्या आमच्या मावशींना विचारले, "मुलांना मोजायला एखादा भोपळा मिळेल का?" त्यांच्या घराच्या पत्र्यावर वेल होता. सोमवारी सकाळी त्यांनी भोपळा माझ्या टेबलावर आणून ठेवला, जपून, मान न धरलेल्या तान्ह्या बाळाला ठेवावे तसा.

सालीवर पांढुरकी भुकटी होती. बोट फिरवले की खालचा तांबूस रंग उजळे. वाळक्या देठाला चुलीच्या धुराचा वास. मुले टिचक्या मारून कान लावत होती. आतून येणारा तो पोकळ, घुमणारा आवाज ऐकताना त्यांचे चेहरे एकदम शांत होत. आधी प्रत्येकाने भोपळ्याला बरोबर वेढा घालील असा दोरा अंदाजाने तोडायचा होता. बहुतेकांचे दोरे तोकडे पडले. एकाचा इतका लांब निघाला की त्यात दोन भोपळे मावले असते. बियांचे अंदाज तर पन्नासपासून हजारापर्यंत गेले. खरे काय ते पाहण्यासाठी मी सुरी हातात घेतली, आणि दारातून मावशी झपाट्याने आत आल्या.

"बाई, कापू नका."

त्यांनी सुरी माझ्या हातातून काढूनच घेतली. "तुमी मोजायला मागितला. फोडणार हाय ते कुटं बोललात? अख्खा भोपळा म्हंजे थोरला लेक. बाईनं त्याला पैली चीर पाडायची नाय."

मागच्या बाकावरचा एक जण उठला. "मग मी कापतो. मी पुरुष आहे."

"दाढी कुठंय तुझी?" शेजारणीने विचारले, आणि वर्ग हसला.

पुढच्या बाकावरची एक मुलगी गंभीरपणे म्हणाली, "आमच्याकडे अम्मीच कापते. अब्बा कुवेतला असतात. काही होत नाही."

"तुझी अम्मी धीराची गं," मावशी म्हणाल्या. "माझा दर्यात हाय."

मग वर्गाबाहेर नेऊन त्यांनी मला सांगितले. थोरला मुलगा मोरा बंदरातून मासेमारीच्या बोटीवर गेला होता. पाचव्या दिवशी यायची बोट, आज सातवा दिवस. वारा सुटलेला, फोन लागत नव्हता. भोपळा त्याच्याचसाठी राखला होता, तो आल्यावर त्यानेच कापायचा म्हणून; मुलांनी नुसता मोजून परत दिला तर काय बिघडते, असे त्यांना वाटले होते.

असल्या समजुतींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण सुरी त्यांच्याकडून घेऊन मी कपाटात ठेवली. बाजारातून दुसरा भोपळा आणणे सहज शक्य होते. वर्गाला तसे विचारलेही. कुणालाच तो नको होता. ज्याला टिचक्या मारल्या, ज्याच्याभोवती आपले चुकलेले दोरे गुंडाळले, तोच त्यांना हवा होता.

तेव्हा न कापता जेवढे करता येईल तेवढे आम्ही करत राहिलो. रोज अकराला दोन मुली भोपळा पिशवीत घालून फाटकासमोरच्या वाण्याकडे नेत, बाकीचा वर्ग मागून. त्याच्या काट्यावर रोज पाच-दहा ग्रॅम कमी भरत. "बाई, हा हळूहळू वाळतोय," एकीने शोध लावला, आणि वहीत खाली उतरत जाणाऱ्या ठिपक्यांची रेघ सुरू झाली. मंगळवारी आम्ही टपात पाणी भरले. एवढा जड भोपळा बुडणारच, असे जवळजवळ सगळ्यांनी लिहिले होते. पाण्यात सोडल्यावर तो एकदा खाली दबला, डुलला, आणि देठ वर करून स्थिर झाला. मुले ओरडली. व्हरांड्यात झाडू थांबला.

"बुडला का रे?" मावशींनी तिथूनच विचारले.

"नाही मावशी, तरंगतोय."

त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मी तास संपवला तरी पाण्याकडे पाहत राहिल्या. बुधवारी, गुरुवारी त्यांनी घंटा वेळेवर दिली. डबा मात्र उघडला नाही.

शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर त्यांचा मुलगा आला. बसमधून उतरून थेट शाळेत. ओठ खाऱ्या वाऱ्याने फुटलेले, कपड्यांना डिझेल आणि मासळीचा उग्र वास. इंजिन बंद पडून बोट भलत्याच बंदराला लागली होती, एवढेच त्याने सांगितले. मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वास मारतोस. पोरांपासून लांब उभा ऱ्हा." आणि स्वतः मात्र त्याची बाही धरून ठेवली.

"दादा, तुमच्यामुळे आमचं गणित अडलंय," एका मुलीने त्याला ऐकवले.

त्याने हात धुतले, सुरी रोवली, तळहाताने दाबली. करकरत भोपळा उकलला, आणि वर्गभर तो ओला, गोडसर, कच्चा वास पसरला. शेंदरी गराच्या तंतूंत गुंतलेल्या बिया निसरड्या होत्या. बोटांतून सटकून बाकांखाली पळत. मुलांनी दहादहाचे ढीग लावायला घेतले. मावशींनी आपला कागद वेगळा पसरला. मासळी मोजतात तशा त्या वीसवीसच्या कोडीने मोजत होत्या, पाच-पाच बिया एका बोटाने ओढत, मुलांच्या दुप्पट वेगाने. नवव्या कोडीशी त्यांचे बोट थांबले. व्हरांड्यात भिंतीला टेकून मुलगा बसल्या बसल्या झोपी गेला होता.

"नऊ झाल्या, का आठ?" त्यांनी मलाच विचारले. तोवर दोन ढीग एक झाले होते.

एरवी दुसऱ्याची चूक पकडायला टपलेल्या त्या वर्गात कुणी हसले नाही. "परत मोजू या," कुवेतवाल्या अब्बांची लेक म्हणाली, आणि मावशींचा कागद तिने आपल्याकडे ओढून घेतला.

तीनशे सेहेचाळीस बिया निघाल्या. सतरा कोड्या आणि वर सहा. फळ्यावर मी दोन्ही हिशेब लिहिले. मावशींनी ते पाहिले नाहीत. त्या मुलाशेजारी जाऊन बसल्या होत्या, त्याच्या तोंडावर सरकत येणारे ऊन पदराने अडवत. शाळा सुटायची घंटा त्या दिवशी मी दिली.