आईने उपटलेलं झाड काकूंच्या खिडकीबाहेर

मंडळी, आज नवघरच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये गेले होते. तिथल्या शेजारच्या काकू बाथरूममध्ये पडल्या, म्हणून बघायला. अजून डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय.

नव्वदच्या सुमारास आम्ही तिथे तळमजल्यावर राहायचो. आईने मागच्या जागेत एंजल ट्रम्पेट लावलं होतं. वीतभर लांब पांढरी फुलं, खाली तोंड करून लटकायची. दिवेलागणीला घरभर वास. काकू त्याला धोत्राच म्हणायच्या.

त्या वर्षी आईचं पोटातलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. काकू भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "घराशी धोत्रा लावल्यावर दुसरं काय होणार?" आईने त्याच दुपारी, अंगात ताकद नसताना, झाड मुळासकट उपटून टाकलं. नंतर तिने साधी तुळससुद्धा लावली नाही. "माझा हात चांगला नाही," म्हणायची. गेल्या वर्षी गेली, तोपर्यंत तेच म्हणत होती.

आज काकूंच्या खिडकीबाहेर तेच झाड, फुलांनी लगडलेलं.

"तुझ्या आईचंच गं. तिने टाकलं, त्यातली एक फांदी उचलून राई गावात माझ्या बहिणीकडे लावली होती. तुम्ही घर सोडलंत, मग इथे आणलं."

"पण काकू, तुम्हीच अशुभ म्हणाला होतात ना?"

"अगं, बोलतो आपण तसं. तुझी आई फारच मनाला लावून घ्यायची."

निघताना त्यांनी एक फांदी ओल्या पेपरात गुंडाळून दिली. आणि मी ती थँक्यू म्हणून घेतली.

समोर टेबलावर आहे. तुम्ही लावली असती?