दोघांना स्वस्त पडेल ते शहर

स्वस्त तिकीट शोधायला हुशारी लागत नाही, चिकाटी लागते. मंगळवारी-बुधवारी निघायचं, पहाटेचं विमान घ्यायचं, सीटखाली मावेल एवढीच पिशवी न्यायची आणि शहराच्या नावावर अडून बसायचं नाही. नीउ-व्हेनेप या आमच्या डच गावातल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर प्रत्येक सुट्टीआधी मला निरोप यायचे, "अगं, पॅरिसचं काहीतरी बघ ना." मी सांगायची, पॅरिस विसरा, बारीला जा.

ही सवय भावामुळे लागली. तो माझ्याहून बराच लहान, पोलंडमध्ये क्राकोवला नोकरीला, एकटा. वर्षातून एकदा आम्ही दोघं कुठेतरी भेटायचो. नियम एकच, दोघांना स्वस्त पडेल ते शहर. त्यामुळे आम्ही रोम पाहिलं नाही, पण काउनास पाहिलं, झादार पाहिलं. बाबा पुण्याहून फोनवर विचारायचे, "यंदा कुठल्या खेड्यात?" आणि आम्ही पोचेपर्यंत त्यांनी ते नकाशात शोधून ठेवलेलं असायचं.

साथ आली त्या वर्षी आमचं विमान रद्द झालं. कंपनीने पैशांऐवजी कूपन दिलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात बाबा गेले.

पुण्यात तेव्हा काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. चुलतभावाने स्मशानात रांग लावली आणि जे करायचं ते केलं. भारतातून इकडे येणारी विमानं बंद झाली होती. मी जाऊ शकले असते, परत कधी येईन ते कुणीच सांगत नव्हतं आणि घरात शाळेतली मुलगी होती. मी गेले नाही. आमच्या घरावरून एरवी सतत विमानं जातात. त्या दिवसांत आकाश इतकं गप्प असायचं की एखादं गेलं तर मी खिडकीशी जाऊन बघायची.

आईने चौथ्या-पाचव्या दिवशी फोन केला. ती रडत नव्हती. म्हणाली, "माझ्याजवळ तुझी काकू आहे. तुझ्या घरात माणसं आहेत. त्याच्याजवळ कुणी नाही. तो खात नाही गं. तेराव्याला त्याला एकटा ठेवू नकोस."

बाबांचं तेरावं पुण्यात चुलतभाऊच करणार होता, गुरुजी आम्हाला फोनवर घेणार होते. मला एवढंच करायचं होतं, त्या दिवशी भावाच्या शेजारी बसायचं. भाऊ आमच्याकडे आला असता तर विलगीकरण, आणि ऑफिसने तेवढी रजा दिली नव्हती. मी त्याच्याकडे जावं तर त्याची घरमालकीण आड आली. म्हातारी खालच्याच मजल्यावर राहायची. साथ आल्यापासून तिने पाहुणे बंद केले होते, आणि भारतातल्या बातम्या बघायला लागल्यापासून ती भावाशी दारातूनसुद्धा बोलेना. मग मी जे मला येतं तेच केलं. लॅपटॉप उघडून बसले. ग्रीसने नुकतीच दारं उघडली होती, चाचणी दाखवा आणि या.

"अथेन्स," मी भावाला सांगितलं.

"ताई, तेरावं अथेन्सला?"

"मग काय चंद्रावर करतोस? दोघांना तिथेच जाता येतंय."

मग म्हणाला, "बाबा म्हणाले असते, यंदा मोठ्या गावाला चाललात."

बाबा गेल्यापासून त्याने केलेला तो पहिला विनोद. मी लगेच तिकिटं काढली. प्रवासाचं कारण विचारलं होतं तिथे पर्यटन निवडलं, कारण दिलेल्या पर्यायांत आमचं कारण नव्हतं. थोड्या वेळाने मेल आली, तुमच्या सिटी ब्रेकचा आनंद घ्या.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी अथेन्सला पोचले. शेगडी असलेली खोली मुद्दाम घेतली होती. पिशवीत बदलायचे कपडे कमी आणि भाजणी जास्त होती. कांदे, दही कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलं. भावाचा "बसलो" असा निरोप यायचा होता. त्याऐवजी फोन आला.

"ताई, विमान गेलं."

"गेलं म्हणजे? उशिरा पोचलास?"

"नाही गं. वेळेवर होतो. माझ्याशिवाय गेलं." मग म्हणाला, "मी दहाव्याला केस काढले ना."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याचे केस खांद्यापर्यंत होते आणि दाढी छातीकडे निघालेली. बाबा त्याला बुवा म्हणायचे. रहिवासी कार्डावर, पासपोर्टवर तोच बुवा. न्हावी बंद होते, म्हणून त्याने घरीच आधी कात्रीने आणि मग वस्तऱ्याने डोकं, दाढी, मिशी, सगळं काढलं होतं. गेटवरच्या बाईने मास्क खाली करायला लावला, कार्डाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि गणवेशातल्या माणसाला बोलावलं.

"त्याने जन्मतारीख विचारली, सांगितली. आईचं नाव विचारलं, सांगितलं. मग बाबांचं विचारलं."

"मग?"

"नाही आलं."

"काय नाही आलं?"

"तोंडातून नाव नाही आलं, ताई. उभा राहिलो नुसता. त्याला वाटलं मला माहीतच नाही."

मग त्याला आतल्या खोलीत नेलं, फोनाफोनी झाली. कार्ड त्याचंच निघालं. तोवर दार बंद झालं होतं. सॉरी म्हणाले म्हणे.

पुण्यात असा माणूस रस्त्याने निघाला तर रिक्षावालासुद्धा हॉर्न वाजवत नाही. डोक्याकडे बघितलं की लोक गप्प होतात, काय झालं ते कुणाला विचारावं लागत नाही. आम्ही दोघंही इतकी वर्षं परदेशात राहून, चाचणी, कार्ड, पिशवीचं माप, सगळं तपासून निघालो होतो, आणि हे आमच्या डोक्यात आलं नाही.

"घरी जा," मी म्हटलं. "मी येते."

"म्हातारी आत घेणार नाही तुला."

"मी तुझ्याकडे येतेय, म्हातारीकडे नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी विमानांची यादी किमतीऐवजी वेळेप्रमाणे लावली आणि सगळ्यात वरचं घेतलं. मग आईला फोन केला. तिने फक्त "गुरुजींना दुपारपर्यंत थांबवते" एवढंच म्हटलं. आणलेल्या सगळ्या भाजणीची थाळीपीठं लावली, फॉइलमध्ये बांधली. विमानतळावर पुन्हा नाकात काडी घालून घेतली. व्हिएन्नाला विमान बदलून सकाळी क्राकोवला उतरले.

तो त्याच्या घरासमोरच्या ट्रामच्या थांब्यावर उभा होता. जवळ जाईपर्यंत मी त्याला ओळखलं नाही. उंचीवरून अंदाज केला. डोक्यावर वस्तऱ्याचे काप वाळले होते आणि पँट पट्ट्याने कशीबशी धरली होती. गेटवरच्या बाईची चूक नव्हती.

म्हातारी खिडकीतून बघत होती. आम्ही समोरच्या बाकावर बसलो. फोन लावला. गुरुजींनी मंत्र सुरू केले, मग थांबून म्हणाले, "आता मुलाने वडिलांचं नाव घ्यावं."

भावाने तोंड उघडलं आणि मिटलं. ट्राम आली, गेली.

"ऐकू येतंय ना?" गुरुजी.

मी बाबांचं नाव सांगितलं. पूर्ण, आजोबांच्या नावासकट.

"मुलाच्या तोंडून येऊ दे, ताई. तुमचं गोत्र आता वेगळं."

"गोत्र वेगळं, बाप तोच. त्याला नाही जमत आज. चालवा पुढे."

मग मागून आईचा आवाज आला, "घ्या हो तेच." आणि गुरुजींनी ते घेतलं.

मग आम्ही थाळीपीठं खाल्ली, गार, दह्याशिवाय. भावाने अर्धं खाल्लं. उरलेली मी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, फ्रिजमध्ये ठेव, रोज एक खा. तो हो म्हणाला. खाणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. परतीच्या विमानाची वेळ होईपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो. मग तो पुडकं घेऊन रस्ता ओलांडून गेला. दार बंद झाल्यावर म्हातारीने पडदा सोडला.

गेटवरच्या बाईने मला मास्क खाली करायला सांगितला. कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही. माझा चेहरा फोटोतल्यासारखाच होता.